प्लायवर रंगवण्याआधी

फळीच्या तयारीत घाई करू नका. पुढे रंग सोलला तर बहुतेक वेळा कारण इथेच असतं. एक-दीड फुटाच्या चित्राला 9 किंवा 12 मिमीचा प्लाय पुरतो. दुकानातच तो डोळ्यासमोर आडवा धरून बाक आहे का ते बघून घ्या. 220 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवा आणि भुसा ओलसर फडक्याने टिपा.

आता खरं महत्त्वाचं. जेसो, म्हणजे रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर, थेट लाकडावर लावू नका. लाकडातला रंग पाण्याबरोबर वर येतो आणि पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. आधी ॲक्रिलिक मीडियमचे (रंग नसलेल्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या ॲक्रिलिक द्रवाचे) दोन हात द्या. मागची बाजू आणि कडाही सोडू नका, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेने फळी वाकते. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कडा तर पाणी पिऊन फुगतातच.

मग जेसोचे तीन-चार पातळ हात, एक उभा, एक आडवा. प्रत्येक हात वाळला की हलका पेपर मारा. बोटाला अंड्याच्या कवचासारखं लागलं की थांबा. त्याहून गुळगुळीत केलंत तर रंग नीट धरत नाही. तैलरंग वापरणार असाल तर शेवटच्या हातानंतर तीन दिवस फळीला हात लावू नका.