डॉक्टरांना विचारा : पट्टा बांधला की बीपी वाढतं, मेडिकलला काय करू?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझं आयटीआय फिटर झालंय, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला (मशीनने पत्रा दाबून पार्ट बनवतात तो विभाग) सिलेक्शन झालंय आणि सोमवारी मेडिकल आहे. प्रॉब्लेम असा की दवाखान्यात पट्टा बांधला की माझं बीपी वाढतं, मागे १५० निघालं होतं, घरी मोजलं तर नॉर्मल. ५ वर्षांपूर्वी छातीचा टीबी झालेला, कोर्स पूर्ण केलाय, पण मित्र म्हणतो ते सांगूच नकोस. अजून एक, कपडे काढायला लावतात का आणि एचआयव्ही पण बघतात का?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : कपड्यांचं आधी सांगतो, कारण खरी धास्ती तीच असते आणि सगळे विचारतात मात्र शेवटी. छाती तपासायला शर्ट काढावा लागतो, हर्निया बघायला पडद्यामागे पँट जरा खाली करून खोकायला सांगतात, मिनिटभराचं काम.

बीपीचं म्हणशील तर बसमधून उतरून, जिना चढून, वर टपरीवरचा चहा मारून लगेच पट्टा बांधला तर कुणाचंही वाढेल. अर्धा तास आधी जा, चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन ये, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बस. तरी जास्त आलं तर थोड्या वेळाने परत मोजा म्हण, एका रीडिंगवर कुणी बीपीचा पेशंट ठरत नाही. आजपासून घरी सकाळ-संध्याकाळ मोजून कागदावर लिही आणि तो कागद घेऊन जा. फक्त त्या दिवशी वडिलांची बीपीची गोळी गुपचूप घेऊ नकोस, असले उद्योग करणारी पोरं असतात म्हणून सांगतोय.

टीबीबाबत मित्राचं अजिबात ऐकू नको. बरा झालेल्या टीबीचाही डाग एक्स-रेत दिसू शकतो, मग तू गप्प बसलास तर डॉक्टरला वाटणार चालू टीबी आहे, थुंकी तपासा, थांबा, आणि जॉइनिंग लांबलं. त्यापेक्षा कोर्स पूर्ण झाल्याचा कागद आणि जुना एक्स-रे फाइलला लाव.

एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय, त्यात नोकरीसाठी ही टेस्ट सक्तीची करता येत नाही. तुझ्या संमतीशिवाय तर नाहीच, त्यामुळे कागदांचा गठ्ठा पुढे आला की वाचून सही कर.

आता जे तू विचारलंच नाहीस ते. प्रेस शॉप म्हणजे दिवसभर धडाधड आवाज, म्हणून कानाची टेस्ट होईल, ऑडिओमेट्री. हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. पोरं ती उरकून टाकतात, पण खरं तर ती तुझ्या फायद्याची आहे. आवाजाने कान जातो तो हळूहळू, आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि उद्या ऐकू कमी यायला लागलं तर नोकरीला लागताना कान कसे होते हे दाखवायला हाच कागद लागतो, आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. रविवारी डीजेसमोर नाचू नकोस, कान तात्पुरते बसतात आणि रिपोर्ट उगाच खराब येतो. रिपोर्टची कॉपी मागून घे.

उपाशीपोटी शुगर सांगितली असेल तर रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. आणि चष्मा असेल तर तो घेऊनच जा, नाहीतर चाकणची अजून एक फेरी.