विमान नवे आहे, पण शिकवणार कोण?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे. धुळे, बारामती आणि गोंदिया येथील प्रशिक्षणाची चौकशी आम्ही करीत आहोत. माहितीपत्रकांत विमानांची छायाचित्रे भरपूर आहेत, शिकवणाऱ्यांविषयी मात्र जवळजवळ काहीच नाही. प्रशिक्षण विमानांच्या अपघातांच्या बातम्या वाचून घरात काळजी वाटते. आम्ही नेमके काय पाहावे?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : माहितीपत्रकात जे नाही, तेच आपण आधी विचारावे. विमानाची देखभाल महत्त्वाची आहेच आणि तिची कागदपत्रे पाहायला मागण्यात संकोच नसावा. पण लहान विमानांच्या अपघातांत यंत्रातील बिघाडापेक्षा वैमानिकाच्या हातून सुटलेले नियंत्रण हे कारण अधिक वेळा आढळते, आणि ते हात घडवतो तो प्रशिक्षक.

एक उदाहरण देतो. उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण लांबले, की विद्यार्थी धावपट्टीची रेषा गाठण्यासाठी ते वळण आवळू लागतो. विमान ६० अंश कलवून उंची न गमावता वळवले, तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाखाली ते स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल कोसळते, तो वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. हे गणित विद्यार्थ्याला पुस्तकातून पाठ असते. तरीही जमीन जवळ दिसत असताना हात वेगळेच करतात, आणि तेथे स्टॉल झाल्यास सावरायला उंची उरत नाही. विद्यार्थ्याची चूक त्याला कळेपर्यंत होऊ द्यायची, पण धोक्याच्या आत नियंत्रण स्वतःकडे घ्यायचे, हा अंदाज प्रशिक्षकाला केवळ स्वतःच्या उड्डाणतासांतून येत नाही. शिकवावे कसे, हे त्याला वेगळे शिकावे लागते. आपल्या नाशिकमधील गांधीनगरच्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रातही हेलिकॉप्टर प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

नागरी क्षेत्रातली अडचण निराळी आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. तो मिळाल्यावर विमान कंपनीत नोकरी लागेपर्यंत तास वाढवण्याचा मार्ग म्हणून काही जण शिकवू लागतात. त्यांतले काही उत्तम शिकवतात, हेही खरे. परंतु अनुभव येतो न येतो तोच प्रशिक्षक निघून जात असेल, तर संस्थेला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते आणि मधल्या काळात विद्यार्थ्याचे प्रशिक्षक बदलत राहतात. त्यामुळे मुख्य प्रशिक्षक किती वर्षे तेथे आहेत, सहायक प्रशिक्षकांवर देखरेख कोण करते आणि विद्यार्थ्याला एकट्याने पहिले उड्डाण करण्याची परवानगी कोण देते, हे स्पष्ट विचारावे. ती परवानगी देण्याचा अधिकार सहायक प्रशिक्षकाला नसतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देण्यास सुरुवात केली आहे. ती अवश्य पाहावी, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास मुलीसह एक पूर्ण सकाळ संस्थेत काढावी. उड्डाणानंतर प्रशिक्षक विद्यार्थ्याला समोर बसवून काय चुकले, का चुकले आणि पुढच्या वेळी काय करायचे हे सांगतो, की लॉगबुकवर सही करून लगेच पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो, हे तेथे दिसते. तेथील विद्यार्थ्यांना, कार्यालयापासून थोडे दूर, आणखी एक प्रश्न विचारावा : हवामान संशयास्पद वाटल्याने तुम्ही उड्डाण नाकारले, तर येथे कोणी रागावते का?