सगळं काळंच का रंगवतो?

"मॅडम, हा सगळं काळंच रंगवून राहिला."

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत आईबाबा लहान मुलांच्या अडचणी घेऊन येतात, आणि महिन्यातून दोनदा तरी हे वाक्य तिथे ऐकू येतं. रंग तेवढा बदलतो. सोबत फोनवर आलेला मेसेज असतोच: काळा निवडला तर मूल आतून दुःखी, लाल निवडला तर रागीट. हे मेसेज कोण लिहितं देव जाणे, पण माझ्याकडची गर्दी वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मानेवाड्याहून एक आई आली. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) मुलगा साडेचार वर्षांचा, केजी-वनमध्ये. त्याला ओजस म्हणू. आईने पिशवीतून अकरा कागद काढले, सगळे काळेकुट्ट. मग शाळेची फाईल काढली. तिच्यात रेघेबाहेर न गेलेलं संत्रं आणि कापूस चिकटवलेला गुबगुबीत ससा.

"शाळेत बघा किती छान करते. अन् घरी हे असं."

"ससा तू केलास?" मी ओजसला विचारलं.

"मिसनं केला. मी फेविकॉल दिला."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

त्या दिवशी मीही एक चूक केली. काळ्या कागदावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "ढग?" ते उत्तर नव्हतंच, आम्हाला काय चालेल याचा अंदाज होता. इतक्या वर्षांच्या सरावानंतरही मी वहीत 'भीती?' असं लिहून मोकळी झाले. प्रश्नचिन्ह टाकलं होतं, एवढंच समाधान.

पुढच्या खेपेला आईला बाहेर बसवलं. तेच कागद घेऊन मी फरशीवर बसले आणि काही विचारलं नाही, फक्त दिसलं ते बोलले. "इथे फार दाबून रंगवलंय. खडू मोडला वाटतं."

"मोडनच ना. ती लय मोठी आहे."

"ती?"

"काळी मारबत!"

नागपूरकर वाचक इथे हसतील. इतरांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इथे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. प्रथा 125 वर्षांहून जुनी. ईडापीडा घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लोक तिला शहराबाहेर नेतात आणि जाळतात. ओजसने ती इतवारीत आबांच्या खांद्यावर बसून पाहिली होती.

मग तो कागद हलवू लागला. आईने ते कसेही गोळा केले होते. त्याने ते फरशीवर ओळीत मांडले. हा गल्लीतून येताना. हा ढोल. इथे गर्दी, "आबाचं डोकं मधे येऊन राहिलं." शेवटच्या कागदावर फक्त खालच्या कोपऱ्यात काळं होतं.

"इथे ती लहान झाली?"

"जळली ना. राख आहे."

अकरा कागदांची सलग गोष्ट होती. आम्ही एकेक सुटा कागद घेऊन रोग शोधत होतो. वहीतला 'भीती?' मी तिथेच खोडला.

"मारबतीला काय घेऊन जा म्हणायचं?" मी विचारलं. त्याने बराच विचार केला. "ससा."

लोवेनफेल्ड नावाच्या अभ्यासकाने 1947 सालीच लिहून ठेवलंय की चार ते सात वर्षांची मुलं रंग निवडतात तेव्हा वस्तूच्या खऱ्या रंगाशी त्याचा फारसा संबंध नसतो. माझा अनुभव त्याच बाजूचा. पांढऱ्या कागदावर काळा सगळ्यात ठसठशीत उमटतो, हे कारण मुलाला पुरतं. झोप उडाली, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत सुरू झाली, आवडता खेळ नकोसा झाला, तर जरूर या. नुसत्या रंगावरून येऊ नका.

आईचा पुढचा प्रश्न ठरलेलाच: "पण मॅडम, लिहायला कधी लागणार?" मनगटात 8 छोटी हाडं असतात, या वयात त्यातली निम्मी अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात. माती मळणं, कागद फाडणं, ठिपके जोडत रांगोळी काढणं ही त्या हाताची खरी तयारी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं, ते आसपास सापडेल त्या वस्तूंना शिक्षणाचं साहित्य करूनच. आता 2022 चा शिक्षणाच्या पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही 3 ते 8 वयासाठी खेळ आणि कलाच पुढे ठेवतो. शाळेच्या भिंतीवरचे चाळीस सारखे ससे मात्र अजून उतरलेले नाहीत.

ओजसच्या आईला मी एवढंच काम दिलं. चित्र झालं की मागे तारीख घालायची आणि तो जे वाक्य बोलेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहायचं. 'लय' म्हणाला तर 'लय'. आठवड्यातून एकदा तीन-चार चित्रं फरशीवर मांडायची आणि आधी कुठलं, नंतर कुठलं, हे त्याला ठरवू द्यायचं. आपण केलेल्याकडे वळून पाहणं मूल इथूनच शिकतं. 'वा, छान!' म्हणून विषय संपवायचा नाही. आणि त्याने कितीही हट्ट केला तरी पोपट काढून द्यायचा नाही. तुमचा पोपट पाहिला की तो स्वतःचा काढायचं सोडून देतो. हे शेवटचं पाळणं आईबाबांना सगळ्यात जड जातं.

महिन्याभराने तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, काळा सुटला! आता पिवळा घेते."

"मागे काय लिहिलंय?"

कागद उलटल्याचा आवाज आला, मग ती हसायलाच लागली.

"दुसरी मारबत निघाली."