नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी सुरू झाली आहे. दुष्परिणामांची नोंद कशी ठेवावी आणि गोळी लागू पडतेय की नाही हे किती दिवसांत कळतं?

साधी वही करा, ॲपच्या नादी लागू नका. आणि गोळीच्या आधी कसं होतं ते आजच आठवेल तसं लिहून काढा: झोपायचा किती वाजता, डबा किती संपवायचा, पोट कधी दुखायचं. ते नसेल तर घरातले सगळे प्रत्येक गोष्टीचं खापर गोळीवर फोडतात.

आमच्याकडे फोडलंच. चतुर्थीला गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी होतो. दुपारच्या पंगतीत मुलाने खतखत्याला हात लावला नाही, पातोळी हळदीच्या पानातून सोडवली आणि तशीच ठेवली. झालं! धाकटे दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, बंद करा त्या गोळ्या. पोराचं पाप्याचं पितर झालंय, झोप उडालीय त्याची." मी वही काढून पुढ्यात ठेवली. गोळीच्या आधीही हा अकराशिवाय झोपत नव्हता, नंतरही नाही. मिथाइलफेनिडेटने, म्हणजे त्याच्या या गोळीने, दुपारची भूक मरते हे खरंच, पण रात्री नऊला हाच मुलगा हुमण-भात दोनदा मागून घेतो, तेही त्यात होतं. दिरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

'चिडचिड केली' एवढंच लिहून भागत नाही, वेळ टाका. साध्या गोळीचा असर चारेक तास. आम्ही साडेसातला द्यायचो आणि शाळेतून तक्रार यायची ती नेमकी सुटायच्या आधीच्या तासांची. वेळा बघून डॉक्टर म्हणाले, हे गोळी उतरताना होतंय. मग दिवसभर पुरणारी दिली. शाळेचं म्हणणं होतं, गोळीनेच चिडका झाला.

किती दिवसांत ते गोळीवर आहे. मिथाइलफेनिडेटचा गुण त्याच दिवशी दिसतो, डोस बसायला मात्र काही आठवडे जातात. एडीएचडीचंच दुसरं औषध, ॲटोमॉक्सेटिन, असेल तर महिना-दीड महिना धीर धरा.

छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं असं काही झालं तर वही राहू दे, लगेच डॉक्टर गाठा. डोस आपल्या मनाने हलवू नका. नाडी, बीपी, उंची, वजन प्रत्येक भेटीत मोजून घ्या.

चिठ्ठी दोन प्रतींत मागा. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, एक प्रत फार्मसीवाला ठेवून घेतो. दिरांनी त्याचंही "बघा, नशेची गोळी" केलं. स्वतः ॲसिडिटीची गोळी चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेतात, तिची वही कोणी ठेवलीय?