एसीची गरज कमी पडावी आणि सांडपाणी बागेला वापरता यावं, यासाठी घर बांधतानाच काय करून ठेवावं?

घराचा नकाशा अजून कागदावरच आहे म्हणताय, म्हणजे योग्य वेळी विचारलंत. माझं पहिलं सांगणं एकच: न्हाणीघराची आणि संडासाची ड्रेनेज लाइन वेगवेगळी टाका. बाकी बरंच काही नंतर सुधारता येतं, हे मात्र फरशीखाली गाडलं जातं.

आमच्या घरात दोन्ही लाइन एकाच पाइपात सोडल्या होत्या. चार वर्षांनी आंघोळीचं पाणी बागेकडे वळवायचं ठरवलं, तेव्हा न्हाणीघराची फरशी फोडावी लागली, खालचं वॉटरप्रूफिंग गेलं, ते सगळं पुन्हा करून घेतलं. बांधतानाच एक पाइप जादा टाकला असता तर हे काहीच झालं नसतं.

पुन्हा वापरायला आंघोळीचं, बेसिनचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी घ्या. स्वयंपाकघरातलं नको, त्यातल्या तेलकटपणाने पाणी गाळायची खडी बुजते. आमच्याकडे पाणी आधी जाळी लावलेल्या छोट्या टाकीत येतं. जाळीवर केस आणि साबणाचा राखाडी चिकट थर जमतो, तो दर आठवड्याला हाताने खरवडावा लागतो. ही तयारी असेल तरच यात पडा. तिथून पाणी खडी-वाळूच्या वाफ्यातून जातं, त्यात कर्दळ लावली आहे. हे पाणी साठवायचं नाही. दिवसभराहून जास्त राहिलं की त्यातला प्राणवायू संपतो आणि कुजका वास सुटतो. झाडांच्या बुंध्याशी सोडायचं, फवारायचं नाही, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना तर नाहीच. साबणातलं सोडियम मातीत साठत जातं, म्हणून पावसाळ्यात आम्ही व्हॉल्व्ह फिरवून हे पाणी ड्रेनेजला सोडतो. तेवढ्यात माती धुऊन निघते.

पावसाचं पाणी यात मिसळू नका, ते फार स्वच्छ असतं. 100 चौरस मीटर गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होतं. पहिल्या सरीचं सोडून द्या, पुढचं वेगळ्या टाकीत घ्या.

आता गारवा. बहुतेक जण खिडक्यांचाच विचार करतात, पण वरच्या मजल्यावर खरी उष्णता छतातून येते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही खालून हाताला कोमट लागतो. त्यावर पांढरा परावर्तक थर द्या, जमलं तर खाली उष्णतारोधक थरही. भर उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त फरक याच कामाने जाणवला.

पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, सज्जा कितीही बाहेर काढला तरी ते त्याखालून आत शिरतं. म्हणून त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवा, किंवा बाहेर उभी जाळी आणि झाडं. हवा खालून आत यावी आणि छताजवळच्या झरोक्यातून बाहेर जावी, कारण गरम हवा वर चढते. कोरड्या हवेत दिवसा खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या ठेवल्या की जाड भिंती रात्रीतून थंड होतात. दमट हवेत रात्रीही तापमान फारसं उतरत नाही, तिथे समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखाच कामाला येतो.

आणि फरशी बसण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा.