नेपाळमध्ये खरंच रेल्वे आहे का? आणि असेल तर इतक्या वर्षांत ती वाढली का नाही?

आहे. मी बसलोय तिच्यात. गंमत म्हणजे ती गाडी आपल्या कोकण रेल्वेने पुरवलेली आहे.

कुर्ल्याहून पवन एक्स्प्रेस पकडली की दीडएक दिवसात बिहारमधलं जयनगर येतं. तिथल्या स्टेशनाला लागूनच नेपाळ रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे, पादचारी पुलावरून पलीकडे जायचं. ओळखपत्र बघतात, सामान तपासतात. मतदार कार्ड किंवा पासपोर्ट जवळ असू द्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना मैथिली बोलतात, सोयरिकीही आरपार. माझ्या समोरच्या आजी लेकीकडे निघाल्या होत्या, मांडीवर लोणच्याची बरणी. आपण परदेशात चाललोय हे त्यांच्या गावीही नव्हतं! तासा-सव्वातासात जनकपूर.

इथे १९३७ पासून नॅरोगेज होती, ती २०१४ मध्ये बंद झाली. भारताच्या मदतीने ब्रॉडगेज टाकली, सप्टेंबर २०२० मध्ये दोन डेमू गाड्या (डिझेलवर चालणाऱ्या, वेगळं इंजिन न लागणाऱ्या) आल्या, आणि दीड वर्ष नुसत्या उभ्या राहिल्या. चालवायला शिकलेली माणसं नव्हती, रेल्वेचा कायदाही व्हायचा होता. एप्रिल २०२२ मध्ये एकदाची सुरू झाली, पुढच्या वर्षी बिजलपुरापर्यंत गेली. सगळी मिळून ५२ किलोमीटर.

आता वाढली का नाही? सगळे डोंगराकडे बोट दाखवतात. पण तराई, म्हणजे भारताच्या सीमेलगतचा नेपाळचा पट्टा, तर ताटासारखी सपाट आहे! माझ्या मते खरी गोम अशी की प्रत्येक मार्ग भारतातल्या स्टेशनापासून थोडा आत गेला आणि थांबला. नेपाळची शहरं एकमेकांना कुणी जोडलीच नाहीत. १९२७ मध्ये बिहारमधल्या रक्सौलहून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत गाडी सुरू झाली. तिथून पुढे भीमफेदीपर्यंत लॉरी, मग डोंगर. तेव्हाच्या राणा सत्ताधाऱ्यांच्या मोटारीसुद्धा हमालांनी खांद्यावरून काठमांडूला नेल्या. पुढे काठमांडूला जाणारा त्रिभुवन राजपथ हा रस्ता झाला, माल ट्रकवर गेला आणि १९६५ च्या सुमारास गाडी आटोपली. आज त्याच अमलेखगंजला मोतिहारीहून डिझेल येतं, पाइपलाइनने.

खरी उपयोगाची रेल्वे म्हणाल तर रक्सौलपलीकडच्या बीरगंजच्या कोरड्या बंदराची, म्हणजे जमिनीवरच्या कंटेनर तळाची. नेपाळला समुद्र नाही, म्हणून कोलकाता-विशाखापट्टणमला उतरलेले कंटेनर मालगाडीने थेट तिथे येतात. प्रवासी एकही नाही.

नेपाळच्या नियोजित पूर्व-पश्चिम रेल्वेचा भराव काही ठिकाणी तयार आहे, रूळ नाहीत. रक्सौल-काठमांडू मार्गाचं सर्वेक्षणही कोकण रेल्वेनेच केलंय. तोवर जनकपूरहून काठमांडूला बसच. मी रात्रीची घेतली, कंबर दोन दिवस बोलत होती.