शुगर लो झाल्यावर चॉकलेट देऊनही ती वाढली का नाही?

तुम्ही लिहिलंय की वडील इन्सुलिन घेतात, संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मीटरवर ६१ आलं. हाताशी होतं ते चॉकलेट दिलंत आणि पंधरा मिनिटांनी मीटरवर ५८! गोडच दिलं होतं, मग शुगर वाढली का नाही, हा तुमचा प्रश्न.

मी टाइप १ डायबेटिसची पेशंट आहे, लहानपणापासून इन्सुलिनवर. शुगर लो होणं मला चांगलंच परिचयाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चॉकलेटमध्ये साखर असते तशीच चरबीही भरपूर असते. पोटात गेलेली साखर जठरात शोषली जात नाही, ती पुढे लहान आतड्यात शोषली जाते, आणि चरबी असली की जठर सावकाश रिकामं होतं. म्हणजे साखर पोटात आहे पण अडकून पडलीय, आणि तिकडे इन्सुलिनचं काम चालूच आहे. केक, आइस्क्रीम, क्रीमची बिस्किटं यांचंही तेच. एरवी खायला हरकत नसेल, पण ७० च्या खाली आकडा असताना हे पदार्थ बाजूला ठेवा. ५४ च्या खाली गेली तर मेंदूला पुरेसं ग्लुकोज मिळत नाही. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, 'मला काही झालेलं नाही' म्हणून खायलाच नकार देतो. त्यामुळे जे द्यायचं ते झटपट रक्तात पोचणारंच हवं.

सगळ्यात उत्तम म्हणजे ग्लुकोज, पावडर किंवा चघळायच्या गोळ्या. मीटर रक्तात जे मोजतो तेच हे, त्यामुळे पचवायचं असं काही उरतच नाही. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. ती आतड्यात फुटते तेव्हा निम्मं ग्लुकोज मिळतं, निम्मं फ्रुक्टोज. आणि फ्रुक्टोज यकृताकडे जातं, त्याने शुगर लगेच फारशी चढत नाही. मध आणि फळांचा रस यांतही फ्रुक्टोज असतंच. म्हणून ते देऊच नये असं अजिबात नाही. ग्लुकोज नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, शोधाशोध करत बसू नका. साधं कोल्ड्रिंक किंवा रस दीडशे मिलिलिटरच्या आसपास चालतो. फक्त ते 'शुगर-फ्री' नाही ना, हे बघा. डायबेटिस असलेल्या घरात नेमकं तेच आणून ठेवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. वडिलांच्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज, अकार्बोज किंवा मिग्लिटॉल आहे का? एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. ही औषधं साखर फोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात. अशा माणसाला साधी साखर दिली तर ती फार सावकाश चढते. त्यांना ग्लुकोजच द्यायला हवं.

मोठ्या माणसासाठी प्रमाण १५ ग्रॅम. गोळी ४ ग्रॅमची असेल तर चार गोळ्या. पावडरचा चमचा प्रत्येकाचा वेगळा भरतो, म्हणून मी वजनकाट्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या करून ठेवते: एक उशाशी, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात. पावडर दमट हवेत गोळा होते, त्यामुळे पुडी झिपच्या पिशवीत हवी. अंधारात, थरथरत्या हाताने ती उघडता येते का, हे एकदा करून बघा. लहान मुलांना कमी लागतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

यानंतरची पंधरा मिनिटं सगळ्यात अवघड. शुगर लो असताना लागणारी भूक ही साधी भूक नसते, समोर दिसेल ते खावंसं वाटतं. पोटात १५ ग्रॅम गेलेत हे माहीत असूनही हात थांबत नाही, आणि मग दोन तासांनी मीटर ३०० दाखवतो. इथे घरच्यांचा खरा उपयोग होतो. शेजारी बसा, घड्याळ लावा, धीर द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम.

तपासण्याआधी त्यांचे हात साबणाने धुवा. बोटाला ग्लुकोज लागलेलं असेल तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर तो रक्ताच्या मागे असतो, शुगर वर येऊ लागली तरी काही मिनिटं कमीच दाखवतो. त्या वेळी बोटातून रक्त काढून बघितलेलं बरं.

आकडा ७० च्या वर आला आणि जेवायला अजून तासभर अवकाश असेल, तर मग दूध-बिस्किटं द्या. ग्लुकोज जितकं पटकन चढतं तितकंच पटकन ओसरतं.

माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणी नाही, साखर नाही, मधही नाही. श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. कुशीवर वळवा आणि लगेच अँब्युलन्स बोलवा. ग्लुकॅगॉनचं (शुगर वाढवणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन किंवा नाकात मारायचा स्प्रे घरी असेल तर तो याच वेळेसाठी. तो घरी ठेवावा का आणि कसा द्यायचा, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या.

आणि या प्रसंगाची वेळ, आकडे, त्या दिवशीचं जेवण आणि इन्सुलिनचे युनिट लिहून डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनसोबत ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असेल, विशेषतः किडनीचा त्रास असेल, तर भेटीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. ग्लुकोज देऊन वर आणलेली शुगर अशा गोळीमुळे काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे त्या रात्री झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा त्यांची शुगर तपासा.